बसम्माचे झटके

चुडाव्याच्या धोंडप्पा या लिंगायत वाण्याची लेक बसम्मा लग्नाला वर्ष व्हायच्या आतच माहेरी परत आली. बोलता बोलता तिचे डोळे फिरायचे, दातखीळ बसायची आणि सगळं अंग गदगदा हलायला लागायचं. बाहेरचं लागलंय म्हणत सासरच्यांनी तिला आणून सोडलं आणि नवऱ्याचं दुसरं लग्न उरकून घेतलं.

स्वामींची विभूती झाली, हकिमाचा काढा झाला. शेवटी धोंडप्पा तिला रेल्वेनं मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथला म्हातारा गोरा डॉक्टर निजामाच्या मुलखात मुरलेला, दखनी मिसळून मराठी बोलायचा. त्याच्या देखतच तिला झटका आला. ती शांत झाल्यावर धोंडप्पानं विचारलं, या दुखण्याला म्हणतात तरी काय?

डॉक्टरनं सांगितलं, कन्व्हल्शन. धोंडप्पा तोंडाकडे बघतच राहिला, म्हणून त्यानं शब्द फोडूनही दाखवला. रोमच्या जुन्या लॅटिन भाषेतला तो. ‘कॉन’ म्हणजे सगळं एकदम आणि ‘व्हेलेरे’ म्हणजे उपटणं. मुळासकट हिसडून काढणं.

धोंडप्पाला हरभऱ्याचं रान आठवलं. झाड उपटायचं आणि माती पडेस्तोवर झटकायचं. आपल्या लेकीला नेमकं काय होतं, ते कुणाला तरी कळलं होतं. त्याला धीर आला.

“एवढं बराबर नाव हाय, म्हंजे इलाज बी असंल की, साहेब.”

“नाव दोन हजार बरस पुराना है,” डॉक्टर म्हणाला. “इलाज अजून न्हाई.”

झोपेच्या पुड्या तेवढ्या त्यानं बांधून दिल्या.

परतीच्या गाडीत बसम्मानं विचारलं, डॉक्टर काय म्हणाला? धोंडप्पानं त्या नावाचा अर्थ सांगायला सुरुवात केली. तिनं त्याला मधेच थांबवलं.

“नाव न्हाई विचारलं, अप्पा. मी बरी होईन का?”

त्यानं पुड्यांची पुरचुंडी तिच्या पदरात बांधली.

पुड्यांनी ती दिवसभर पेंगायची. दोन झटक्यांमधलं अंतर थोडं वाढलं, पण झटके थांबले नाहीत. संक्रांतीच्या सुमारास भाकरी थापताना झटका आला आणि ती चुलीवरच कोसळली. आई शांतम्मा परसात होती. ती धावत येईपर्यंत हात कोपरापर्यंत भाजला होता. जखम चिघळली. फाल्गुन लागायच्या आत बसम्मा गेली.

सासरला निरोप धाडला होता. समाधीची माती लोटेपर्यंत शांतम्मा रस्त्याकडं बघत होती. तिकडून कुणीच आलं नाही.