जेवणघरातला कारकून

नंदूनं ते चित्र दयेपोटी घेतलं, असं तो बायकोला, रश्मीला सांगायचा. दया कसली डोंबलाची! कॅनडातल्या कनाटा गावात त्या वर्षी नोकऱ्या गेलेल्या टेलिकॉमवाल्यांची घरं धडाधड विक्रीला लागली होती. चारुदत्त नंदूच्याच टीममधला, दहा वर्षांचा दोस्त. नोकरी गेल्यावर तो गराजमध्ये घरातलं सामान विकायला मांडून बसला, तेव्हा नंदूनं घासाघीस न करता ते मोठं चित्र उचललं.

चित्र जुन्या इंग्रजी धाटणीचं, श्रीमंतांची टवाळी करणारं. मेजवानी चाललीय. लॉर्डसाहेबांचं पोट बटणांना आवरत नाही, बाईसाहेबांच्या अंगावर आणखी दागिना घालायला जागा नाही, कुत्रा ताटात तोंड घालतोय आणि कुणाला शुद्ध नाही. मागे दाराशी एक कारकून हातातल्या यादीवरून नावं वाचून नोकरांना घालवून देतोय. मेजवानी चालू राहायला हवी ना! रश्मीनं आपलं जेवणाचं चित्र म्हणून ते डायनिंग रूममध्ये लावलं.

त्या दिवसापासून नंदूला अन्न गोड लागेना. लॉर्डाचं त्याला काही वाटत नव्हतं. पण खाली मान घालून वाचणारा तो मेला कारकून आता मान वर करील आणि आपल्याकडे बघेल, असं घास घेताना वाटायचं. त्यानं खुर्ची बदलली, चित्राकडे पाठ करून बसला, तर मानेवर नजर जाणवायला लागली. रश्मी म्हणाली, ब्लड प्रेशर तपासून घे.

खाई त्याला खवखवे, दुसरं काय! डायरेक्टरनं कामावरून कमी करायला टीममधली चार नावं नंदूकडे मागितली होती. तीन चटकन सुचली. चौथं नंदूनं चारुदत्तचं लिहिलं. का, तर तो भांडणार नाही, गरीब गाय. आणि घरी येऊन सांगितलं, चारूसाठी मी खूप भांडलो गं. त्याच आठवड्यात कंपनीनं मॅनेजरांना स्टेक आणि वाइनचं जेवण दिलं, तेही हा जेवून आला.

मार्चमध्ये रश्मीनं परस्पर चारुदत्तला जेवायला बोलावलं. एकटाच आला, त्याची बायको यामिनी मुलांना घेऊन पुण्याला परत गेली होती. जेवता जेवता त्यानं चित्रातलं एकेक पात्र रश्मीला हौसेनं समजावून सांगितलं. कारकुनापाशी आला आणि थांबला. रश्मी भाबडेपणानं म्हणाली, तुमच्यासाठी हा किती भांडला, ते माझं मला माहीत.

चारुदत्त नुसता हसला. नंदूचा घास हातातच राहिला. गप्प बसला असता तरी निभावलं असतं, कोण विचारणार होतं? पण पाठीमागे कुणीतरी आता पुढचं नाव वाचणार, असं त्याला वाटलं.

"चारू, यादी मी केली होती. तुझं नाव मीच लिहिलं."

रश्मीनं हातातला डाव खाली ठेवला.

"माहितेय," चारुदत्त शांतपणे म्हणाला. "तुझ्याआधी दोन गिऱ्हाइकं आली होती. मी हे चित्र कुणाला दिलं नाही. म्हटलं, तू येशील."

मग त्यानं रश्मीकडून थोडा भात मागून घेतला. तिनं वाढला, वर तूपही वाढलं. नंदूला काही हवंय का, हे तिनं विचारलं नाही.