डावीकडची चाकं

"ताई, त्या फुटपाथनं तुझं काय घोडं मारलंय गं?" गाडीचं पुढचं डावं चाक उतरवता उतरवता रिमवाला करवादला.

"फुटपाथच मध्ये येतो," त्याची थोरली बहीण म्हणाली. "आणि तू तोंड कमी चालव, हात चालव. माझे पेशंट खोळंबलेत."

ताई नर्स होती. घरोघरी जाऊन इंजेक्शनं द्यायची, जखमा धुऊन पट्ट्या बांधायची. आईवडिलांच्या मागे तिनंच याला वाढवलं आणि हे अलॉय व्हील दुरुस्तीचं दुकानही तिच्याच जिवावर उभं राहिलं. म्हणून तिची गाडी आली की हा चिडायचा भरपूर, पण काम फुकट आणि मन लावून करायचा. ओरखडे घासायचे, खाचांत लांबीची पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं, मग मूळच्या रंगाशी रंग जुळवून फवारा मारायचा. चाक परत जाताना नवंकोरं दिसायचं.

आज मात्र चाकातली हवा टिकत नव्हती. त्यानं साबणाचं पाणी ओतलं, तर बुडबुडे टायरच्या कडेनं नव्हे, खुद्द रिममधूनच यायला लागले. रिमला चीर गेली होती, तीही आऱ्याच्या मुळाशी. त्याचं डोकंच फिरलं.

"नुसता बाक असता तर गरम करून प्रेसवर सरळ केला असता. ही चीर आहे, ताई! वेल्डिंग करून देणारे पुष्कळ बसलेत, मी देणार नाही. भर रस्त्यात चाक फुटायचं. हे भंगारातच जाणार."

"मग दुसरं बसव. ओरडतोस कशाला?"

दुसरं जुळवायचं म्हणून तो मागच्या डाव्या चाकाशी वाकला. तेही खरवडलेलं. उठून पलीकडे गेला. उजवीकडची दोन्ही चाकं कंपनीतून जशी आली तशीच होती, त्यांना कधी त्याचा हातसुद्धा लागला नव्हता. तो तिथंच उभा राहिला. एवढ्या वेळा ही गाडी आली, आणि दर वेळी डावीकडचंच चाक. प्रत्येक खूण त्यानं आपल्या हातानं पुसली होती, इतक्या सफाईनं की त्याच्याही ध्यानात राहू नये. आता राग आला तो स्वतःचाच.

तेवढ्यात ताई म्हणाली, "आज चहासुद्धा नाही का मिळायचा?"

चहावाला आत्ताच ठेवून गेला होता. तिच्या डाव्या हाताशी, स्टुलावर कप वाफाळत होता.

त्यानं कप उचलून तिच्या उजवीकडे ठेवला. तिनं कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"समोरचं स्वच्छ दिसतं मला. सुई कधी चुकली नाही."

"मी सुईचं विचारत नाहीये!" त्यानं हातातला पाना फरशीवर आपटला. "रस्त्यानं माणसं चालतात, पोरं चालतात. आजवर फुटपाथवरच भागलं हे नशीब! नर्स ना तू? डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला काय झालं होतं?"

"जाऊन आले. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. गाडी बंद करा म्हणाले. पण तू दर वेळी चाक इतकं छान करून द्यायचास. बघितलं की वाटायचं, काही झालंच नाही."

त्याला ओरडायचं होतं, पण कुणावर ते कळेना.

ताईनं चहा सावकाश संपवला. पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. गाडीची किल्ली कडीतून निघता निघेना. त्यानं हात पुढे केला, तिनं जुडगा दिला नाही. नख लावून स्वतःच ती सोडवली, स्टुलावर ठेवली, मागच्या सीटवरची औषधांची पेटी घेतली आणि चालायला लागली.

दुकान तसंच उघडं टाकून तो मागे धावला आणि त्यानं तिचा डावा दंड धरला.

"सोड. डावीकडचं दिसत नाही मला, चालता येतं."

त्यानं सोडला. तिच्या डाव्या अंगानं चालत राहिला. रस्ता ओलांडून फुटपाथ आला तशी तिनं न बघता हात लांबवून त्याची रंगानं माखलेली बाही पकडली. वर चढल्यावर लगेच सोडून दिली.

"पुढची कड आली की सांग," ती म्हणाली.