केसपेपरवरची बहीण

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर मी एकतीस वर्षं बसते. सगळे मला तोफ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान शाबूत आहेत. तर या तोफेला एके दिवशी शिकायला बसवलं. विषय काय, तर समलिंगी माणसं दवाखान्यात आली की त्यांच्याशी कसं वागायचं. म्हटलं, अरे, मोतीबिंदू काय कुणाच्या प्रेमाची चौकशी करून होतो का?

शिकवायला आलेला गडी माझ्या भाच्याच्या वयाचा. आम्हा चौदा जणांना वरच्या मजल्यावर गोल बसवलं आणि म्हणाला, "तुमच्याकडे अशी जोडपी आली तेव्हा तुम्ही काय केलंत, ते सांगा." सगळे आपापल्या चपला बघायला लागले. मला कुठला दम!

"मी सांगते," मी म्हटलं. "सहा महिन्यांपूर्वी दोघी आल्या होत्या. एक टेलरबाई, तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. बरोबर दुसरी, शाळेत गणित शिकवणारी. पत्ता एक, फोन एक, आणि एकमेकींवर डाफरायची तऱ्हा अगदी माझी नि माझ्या नवऱ्याची. मी काय ते ओळखलं. ऑपरेशनच्या वेळी आमच्याकडे फक्त घरचं माणूस आत सोडतात. मी एक शब्द न विचारता नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहून टाकलं. कुणाला लाजवलं नाही, कुणाला अडवलं नाही. याहून चांगलं ते काय वागायचं?"

मला वाटलं, आता टाळ्या. गडी मान हलवून म्हणाला, "मनात तुमच्या चांगलंच होतं, ताई. पण तो कागद पुढे कुणी कुणी वाचला?"

"कोण वाचणार? डॉक्टर..." आणि बोलता बोलता मला आमच्या मोठ्या डॉक्टरांची एक सवय आठवली.

त्याचं असं आहे, काचबिंदू हा घराण्यात उतरणारा चोर आजार. दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप नजर खातो. म्हणून पेशंटच्या डोळ्यात जरा शंका आली की आमचे मोठे डॉक्टर बरोबर आलेल्या सख्ख्या भावाबहिणींना तिथेच पकडून तपासतात. त्यांची ही सवय मला एकतीस वर्षं माहीत. आणि बहीण कुणी लिहिली? मी!

तशीच उठले, खाली आले, फाइल काढली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'डोळ्याची नस शंकास्पद. बहीण तपासली, डोळे निरोगी. आईवडिलांना काचबिंदू नाही असे बहीण सांगते. पुढची तपासणी वर्षाने.' करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बाई पोटासाठी सुईत दोरा ओवणारी, आणि मी माझ्या शहाणपणापायी तिची नजर वर्षभर वाऱ्यावर सोडलेली. तिथेच खुर्चीत बसून रडले. मग नाक पुसलं आणि फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी हजर. त्यांना बाजूच्या छोट्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं.

टेलरबाई उडाल्याच. "माझ्या आईला काचबिंदू नव्हता? अहो, शेवटची पाच वर्षं तिला ताटातला घास दिसत नव्हता!" मग गणिताच्या बाईंकडे वळून, "तू असं कसं सांगितलंस गं?"

गणिताच्या बाई लालबुंद झाल्या. "मला काय माहीत? तुझ्या आईनं मला कधी उंबरा ओलांडू दिला का? आणि तू तरी तिचा विषय कधी काढलास? तुला आत तयार करत होते, डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या आईवडिलांना होता का. मी माझ्या आईवडिलांचं सांगितलं. बहीण म्हणून आत घेतलेलं, तेव्हा खरं बोलले असते तर मला बाहेर काढलं असतं, आणि तू आत एकटी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सव्वीस वर्षं संसार केलाय आम्ही. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. खरंच, विचारायला मला काय झालं होतं? लाज त्यांना नव्हती, मला होती.

"मग आता विचारते," मी म्हटलं. "काय लिहू?"

"जोडीदार," दोघी एकदमच म्हणाल्या. मी बहिणीवर काट मारली, जोडीदार लिहिलं, खाली सही ठोकली. "डॉक्टरांना मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"तुम्हीच सांगा. निस्तरा की जरा," टेलरबाई म्हणाल्या, आणि हसल्या.

डॉक्टर माझ्यावर असे काही कडाडले की तोफेचा फुसका बार झाला. बरोबरच होतं त्यांचं. मग तपासण्या सुरू झाल्या. दोन तास मी नि गणिताच्या बाई बाकावर शेजारी शेजारी. त्या नखं खात होत्या. मीही खाल्ली, या वयात. मनात म्हणत होते, वाट्टेल ते होऊ दे, पण तिची नजर जाऊ देऊ नको रे बाबा.

शेवटी डॉक्टर दारात आले. "दोन्ही डोळ्यांचा दाब वाढलाय. पण वेळेवर आलात, नजर शाबूत आहे. रोज थेंब घालायचे, रोज म्हणजे रोज, आयुष्यभर. कोण घालणार?"

बाकं भरलेली होती. गणिताच्या बाई उठल्या आणि शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी. जोडीदार आहे मी तिची."

आतून टेलरबाईंचा आवाज आला, "घालशील गं, पण वेळेवर घाल!"