मागच्या बाजूचं बूच

मी इंजिनाचं बूच बोलतोय. बाटलीचं असतो तर तुम्ही आधीच जवळ सरकला असता, मला ठाऊक आहे. मोटारीचं इंजिन ओततात तेव्हा त्याच्या अंगाला भोकं राहतात, आणि आतून तर थंडाव्याचं पाणी खेळायचं असतं. मग त्या भोकांत पत्र्याच्या छोट्या वाट्या ठोकून बसवतात. त्यातली एक वाटी म्हणजे मी.

आम्ही सहा भावंडं. पाच जणं इंजिनाच्या कुशीला, हवेशीर. मी एकटा पाठीमागे, गिअरबॉक्सच्या आड. मला बघायचं तर अख्खं इंजिन उतरवावं लागतं, म्हणून मला कुणी बघितलंच नाही.

गाडी दोन भावांच्या वडिलांची. ते गेल्यावर थोरल्याने घर घेतलं, धाकट्याने गाडी. अबोला मात्र वाटून घ्यावा लागला नाही, तो दोघांना अकरा वर्षं पुरून उरला. धाकटा दर रविवारी गाडी पुसायचा, इंजिनाच्या थंडाव्याला नळाचं साधं पाणी भरायचा आणि परत झाकून ठेवायचा. बाहेरून गाडी अशी, की लग्नाला उभी करावी. आतून आम्ही गंजत होतो.

एका सोमवारी वहिनीचा फोन आला. थोरल्याने अंथरूण धरलं होतं. "भाऊजी, आठवण काढताहेत तुमची. म्हणाले, बाबांच्या गाडीतून ये म्हणावं त्याला."

धाकट्याने शेवटचं वाक्य तेवढं धरून ठेवलं. गाडी चालू केली, तर कुशीतल्या दोघांमधून पाणी ठिबकायला लागलं.

लेक म्हणाली, "बाबा, बसने जा. आजच जा."

"गाडीतून ये म्हणालाय तो."

"आजारी माणूस काहीही म्हणतो."

"मला नको शिकवू. माझा भाऊ आहे."

"हो का? अकरा वर्षं कुणाचा होता?" असं म्हणून ती आत गेली.

मग मिस्त्री आला. डोळ्यांनी अधू, पण कानांनी तिखट. हातोडीने एकेका बुचाला टिचकी मारायचा. टण वाजलं तर धडधाकट, भद्द वाजलं तर कुजकं. पाचही भद्द वाजली. छिन्नीचा एका कडेला घाव घातला की वाटी भोकात आडवी व्हायची, मग पकडीने दात उपटावा तशी ओढायची. भोकं घासूनपुसून पाच नवी पितळी बुचं बसवण्यात बुधवार उजाडला.

"मागे अजून एक आहे," मिस्त्री म्हणाला. "इंजिन उतरवायचं म्हणजे तीन दिवस गेले."

"गळतंय का ते?"

"आज तरी नाही."

"मग राहू दे. त्यापेक्षा आतला गाळ धुऊन काढ. दादाला नाव ठेवायला जागा नको."

इथेच घात झाला. माझी कधीच चाळण झाली होती हो. त्या चाळणीची भोकं बुजली होती ती गाळानेच. मिस्त्रीने नळी लावून तासभर धुतलं. आधी तांबडं पाणी आलं, मग निर्मळ. धाकटा लहान पोरासारखा खूश. ओरडावं असं फार वाटलं, पण तोंडं बंद करण्यात जन्म गेलेल्याने ओरडायचं कुठून?

गुरुवारी सकाळी निघालो. निम्म्या वाटेवर, चढाला, मी फुटलो. वाफ, पाणी, सगळंच. धाकट्याने प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतलं, तेही माझ्यातून रस्त्यावर. एक ट्रकवाला थांबला. "काका, तिकडेच चाललोय. बसा."

"गाडी सोडून कसा येऊ? गाडीतूनच बोलावलंय."

ट्रकवाल्याने गाडीकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि निघून गेला.

दुपारी एक ट्रॅक्टर मिळाला. गाडी दोराने बांधली, धाकटा स्टिअरिंग धरून ताठ बसला, आणि अशी आमची वरात चार वाजता थोरल्याच्या दारात पोचली. दारात खूप चपला होत्या.

वहिनी बाहेर आली. तिने गाडी बघितली, दोर बघितला. "बारा वाजता गेले," ती म्हणाली. "अहो भाऊजी, चेष्टा करत होते ते. तुम्ही पायी आला असता तरी चाललं असतं त्यांना."

धाकटा गाडीतून उतरलाच नाही. म्हणाला, "मागचं फुटलं, वहिनी. पुढची पाचही बदलली होती मी."

नंतर इंजिन उतरवलं. तीन दिवस लागले, आणि या वेळी कुणालाच घाई नव्हती. मिस्त्रीने अंगठा लावला तसा मी मोडलो. भंगारात टाकत होता, धाकट्याने मागून घेतलं. आता मी त्याच्या खिडकीत असतो. तो मला बोटांत फिरवत बसतो. माझी कड लागून त्याचा अंगठा चिरलाय. लेक चहा ठेवते, तो गार होतो, ती उचलून नेते.

तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर गप्पा मारता मारता मला हळूच खिशात घाला आणि लांब कुठेतरी फेकून द्या. पाप लागणार नाही, लागलं तर माझ्या नावावर घाला. तो शोधेल दोन दिवस. शोधू द्या. कुठे दिसलं का म्हणून लेकीला विचारायला तरी तोंड उघडेल.