काखेतला झोळ

मित्रांनो, मी मापाची एक जुनी टेप आहे. अवसरी बुद्रुकच्या कुशाबाई घरी ब्लाउज शिवायच्या, तेव्हा मी दिवसभर त्यांच्या गळ्यात असायची. गावातल्या किती बायकांचे आकडे मला ठाऊक होते! एकीचा दुसरीला कधी सांगितला नाही.

ठकूबाई मात्र मापाला जुना ब्लाउज पाठवून द्यायच्या. दोन हजार तीन साली त्यांचा नवा ब्लाउज तीनदा परत आला. काखेत काचतो म्हणे.

कुशाबाईंनी वैतागून त्यांना घरी बोलावलं आणि मला हातात घेतलं. "ठके, अंग चोरू नको. हात वर कर."

छातीचं माप पूर्वीपेक्षा कमी भरलं, काखेचं तीन इंच जास्त. तिथली कातडी लालसर होऊन पिशवीसारखी लोंबत होती. ओढली तर ओढलेलीच राहायची, मागे जायची नाही.

"अगं, हा झोळ कापडातला न्हाई! कवापासनं?"

"दोन वर्सं झाली. दुखत न्हाई, मग काखा काय डाक्टरला दाखवायच्या?"

कुशाबाईंनी त्यांना पुण्याला धाडलं. तिथे तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, हा कातडीतला लिम्फोमा, एक प्रकारचा कर्करोग. तो कातडीची लवचिकता खातो. उपचार बरीच वर्षं चालतील, पण हा रोग स्पर्शानं पसरत नाही.

शेवटचं वाक्य गावात पोचलंच नाही. शेजारची भागू म्हणाली, "कुशाबाई, ती टेप आमाला लावू नका." कुशाबाईंनी नवी टेप आणली आणि मला दाराजवळच्या खिळ्यावर टांगलं.

पुढच्या खेपेला ठकूबाईंनी ते पाहिलं.

"ही तुझ्यासाठीच ठेवलीय," कुशाबाई खाली बघत म्हणाल्या.

"लई मान केलास बाई. कपडं शिवायचीस, आता मला शिवत न्हाईस व्हय?" ठकूबाई हसल्या. एकट्याच हसल्या. मग मला खिळ्यावरून काढून घरी घेऊन गेल्या.

आता त्या स्वतःच माप घेतात आणि हातानं टाके घालतात. काखेत ऐसपैस कापड सोडतात. छाती जमते, दंड जमतो. पाठीची रुंदी मात्र एकटीला घेता येत नाही. एका खांद्यावर माझं टोक दाबून धरलं, की दुसरं घसरून खाली पडतं. त्या पुन्हा उचलतात, मी पुन्हा पडते.

मित्रांनो, अंगावर काही वेगळं दिसलं तर दुखायची वाट बघू नका, लाजू नका, दाखवा. आणि वाटेत ठकूबाईंचं घर लागलं, तर जरा आत या. माझं दुसरं टोक धरायला एक हात हवा आहे.