चेंडू खाली ठेव

माझ्या मुलीने बॅट हातात घेतली की पळायची वेळ माझ्यावर यायची. सिंगापूरच्या बिशान पार्कात मी तिला टेनिसचे चेंडू खालून टाकायचो आणि ती ते असे भिरकावायची की एक कालव्यात, एक झाडीत, एक थेट ताई-चीचा व्यायाम करणाऱ्या आज्यांच्या घोळक्यात. मी जुरोंग आयलंडवरच्या केमिकल प्लांटमधून कंपनीच्या बसने दमून येणारा माणूस. पायातले सेफ्टी बूटही न काढता तिच्यामागे निघायचो आणि तासभर नुसते चेंडू हुडकायचो.

"जरा जवळ मार की गं," मी करवादायचो.

जान्हवी तेव्हा दहा वर्षांची होती. "कॅनॉट, पप्पा," ती हसत इथल्या मोडक्या इंग्रजीत म्हणायची, "बॉललाच लांब जायचं असतं."

खेळ सॉफ्टबॉल. बेसबॉलची धाकटी बहीण म्हणा. समोरची मुलगी चेंडू हाताखालून टाकते, ही गोल बॅटने मारते आणि मग चार कोपऱ्यांवरच्या चार बेसना फेरी मारून घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी, परत आली की एक धाव. मला त्यातलं कळत होतं ते एवढंच, आणि एवढ्याच भांडवलावर मी पुढे सगळी अक्कल पाजळली.

बाराव्या वर्षी त्या बॅटच्या जोरावर तिला एका नावाजलेल्या शाळेत प्रवेश मिळाला, परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच. इथे तशी सोय नुकतीच सुरू झाली होती. पहिल्याच वर्षी तिने दोन चेंडू कुंपणापलीकडे घालवले आणि कोच लिमने तिला बॅटिंगमध्ये चौथा नंबर दिला. चौथी म्हणजे संघाची सगळ्यात जोरदार मारणारी. मुख्याध्यापिका भर असेंब्लीत तिच्याबद्दल बोलल्या. आमच्या लोकांनी आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात तिचा सत्कार केला. सिंगापूरच्या उकाड्यात पोरगी खांद्यावर शाल घेऊन दीड तास घामाने निथळत बसली होती. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सगळे होते आणि सगळ्यात पुढे मी होतो. नागपूरला माझ्या वडिलांनी, दादारावांनी, अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं की नात सिंगापूरकडून खेळणार.

दोन हजार सातच्या हंगामातला पहिला सामना. जान्हवीने तीनदा चेंडू उंच मारला आणि तिन्ही वेळा तो लांबवर उभ्या असलेल्या मुलींनी झेलला. तिन्ही वेळा बाद. आणि कोच लिम टाळ्या वाजवत होता! "गुड हिट! अनलकी!" मी स्टँडमध्ये बसून मनात म्हटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. तीन झेल देऊन आलेल्या पोरीचं कौतुक कसलं करतोय?

रविवारी दादारावांचा फोन आला. मी सांगितलं.

"कॅच देल्ली?" ते ओरडले. "तीनदा? अन् तू काय पाहत बसला होता रे?"

त्यांच्या आवाजाने मी पुन्हा तेरा वर्षांचा झालो. दादाराव नागपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मला क्रिकेट त्यांनीच शिकवलं. चेंडू हवेत गेला की ग्राउंडला एक चक्कर, अशी शिक्षा. झेल गेला तर तीन. मला राग यायचा. एकदा मी विचारलंच की बाकीची मुलं मारतात हवेत, मग मीच का नाही. ते म्हणाले, "त्यायले दुसरा चान्स भेटते. आपल्या पोरायले एकच भेटते. तो हवेत नको घालवू." निवड चाचणीत मी जमिनीवरून बावीस धावा केल्या, नाबाद राहिलो आणि तरीही माझं नाव यादीत आलं नाही. पण त्यांचं वाक्य माझ्या हाडात गेलं होतं. त्याच वाक्याच्या बळावर मी कधी एक मार्क हवेत सोडला नाही, इंजिनियर झालो, इथवर आलो. मग ते चुकीचं कसं असेल?

सोमवारपासून मी मुलीला सुधारायला घेतलं.

माझ्या जाड, राखाडी मोज्यात चेंडू घातला आणि तो मोजा कपडे वाळत घालायच्या रॅकला दोरीने टांगला. आमच्याकडे क्रिकेट खेळणारी पोरं असंच शिकतात. डोकं चेंडूवर, कोपर वर, मनगटं वळवून चेंडू दाबायचा, खाली ठेवायचा. रोज शंभर वेळा.

"पप्पा, कोच सेज डिफरंट," जान्हवी म्हणाली.

"तुझा कोच कधी क्रिकेट खेळलाय का?"

मेधा, माझी बायको, पोळ्या लाटत होती. "नाही खेळला," ती तिथूनच म्हणाली. "म्हणून तर तो सॉफ्टबॉलचा कोच आहे. तुम्ही तुमचे व्हॉल्व्ह सांभाळा ना."

शहाणपण माझ्या घरात लाटणं हातात घेऊन उभं होतं. मी ऐकलं नाही.

पोरगी मात्र गुणी. दोन महिन्यांत तिने सगळं उचललं. सामन्यात मी स्टँडमधून नुसता डावा तळहात जमिनीकडे दाबून दाखवायचो, खाली, खाली, आणि ती हेल्मेटमधून होकार द्यायची. हळूहळू प्रत्येक चेंडूआधी ती आधी माझ्याकडे बघायला लागली. चेंडू आता खरोखर जमिनीवरून जायचे आणि थेट जवळच्या मुलींच्या हातात जायचे. त्या चेंडू पहिल्या बेसवर फेकायच्या, जान्हवी पोचायच्या आत बाद. चार सामन्यांत तिला जेमतेम दोनदा बेस मिळाला. बाकीच्या आया माझ्याकडे वळून विचारायच्या, "युवर डॉटर ओके अँ? लास्ट इयर सो पॉवरफुल." मी म्हणायचो, फॉर्म येतो-जातो. नागपूरला कळवायचो, एकही झेल नाही. दादाराव खूश.

सामन्याच्या सकाळी तिला उलट्या व्हायला लागल्या. मेधा मला म्हणाली, "पोर सुकत चाललीय, दिसत नाही का?" मला दिसत होतं. मला वाटायचं, घडतेय.

एका संध्याकाळी मोज्यावर ऐंशी-नव्वद वेळा बॅट मारून झाल्यावर जान्हवी थांबली. "पप्पा, आधी ना मी काही थिंकच नाही करायचे. बॉल आला की मारायचे. आता बॉल येतो तेव्हा तुम्ही पण येता."

मी चक्क खूश झालो. बाप मुलीच्या पाठीशी आहे, याचा तो पुरावा वाटला मला.

तरीही संघ फायनलला पोचला आणि तरीही कोच लिमने तिचा चौथा नंबर काढला नाही. शेवटचा डाव. आम्ही एका धावेने मागे. आमची एक मुलगी बाद झालेली, एक तिसऱ्या बेसवर, एक पहिल्या बेसवर, आणि बॅटिंगला जान्हवी. शाळेच्या मुली तिच्या नावाचा गजर करत होत्या. कोच तिसऱ्या बेसजवळून चालत आला, तिच्या हेल्मेटवर हात ठेवून काहीतरी बोलला आणि परत जागेवर गेला. ती बॅट घेऊन उभी राहिली. मग तिने मान वळवून स्टँडमध्ये माझ्याकडे पाहिलं.

मी तळहात खाली दाबला.

दुसऱ्याच चेंडूवर तिने मारलं. डोकं चेंडूवर, कोपर वर, मनगटं वळलेली. चेंडू गवताला चाटत सणसणत निघाला. इतका देखणा फटका मी जन्मात मारला नव्हता. माझ्या तोंडून मोठ्याने "वा!" निघालं. तोवर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलीने तो उचलला होता. तिने तो दुसऱ्या बेसवर फेकला, पहिल्या बेसवरून पळत येणारी आमची मुलगी बाद. तिथून तो पहिल्या बेसवर गेला, जान्हवी बाद. आधीची एक धरून तिघी, आणि तिघी बाद झाल्या की डाव संपतो. सामना संपला आणि माझा "वा" अजून हवेतच होता.

संघातल्या सगळ्या मुली रडत होत्या. जान्हवी रडली नाही. तिने बॅट पिशवीत घातली, हेल्मेट पुसून ठेवलं आणि माझ्याबरोबर एमआरटी मेट्रोने घरी निघाली. पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाली, "पप्पा, मी खाली ठेवला ना?"

"हो बाळा. अगदी बरोबर मारलास. त्या पोरीच्या हातात गेला, आपलं नशीब."

"कोच म्हणाला होता, हवेत मार. लांब. कॉट ऑल्सो नेव्हर माइंड, कॅच गेला तरी चालेल."

"झेल गेला तर कसं चालेल?"

मग तिने मला समजावलं. गुडघ्यावर बोटाने चार बेस काढले. चेंडू लांब झेलला गेला तर मारणारी बाद होते, खरं आहे. पण झेल घेतल्याक्षणी तिसऱ्या बेसवरची मुलगी पळत घरी येऊ शकते आणि ती धाव धरतात. म्हणजे जान्हवी झेलबाद झाली असती तरी बरोबरी झाली असती. झेल देणं हेच त्या वेळी तिचं काम होतं. शाळेतल्या शेंबड्या पोरींना ठाऊक असलेली गोष्ट. चार वर्षं तो खेळ बघत होतो मी आणि मला ती माहीत नव्हती. मी कधी विचारलीच नव्हती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं, "मग तू..."

"तुम्ही हात असा केला ना." तिने तळहात खाली दाबून दाखवला.

तिच्या आवाजात तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं. नव्हती. बिशान आलं, आम्ही उतरलो.

पुढच्याच आठवड्यात तिने संघ सोडल्याचा फॉर्म माझ्यापुढे सहीला ठेवला. सही न करता मी शाळेत जाऊन कोच लिमला भेटलो. रस्ताभर इंग्रजी वाक्यं जुळवली होती. चूक तिची नाही, माझी आहे, मी तिला खूण केली होती.

"आय नो," तो म्हणाला. "तिसऱ्या बेसजवळून तुमचा हात दिसतो." मग म्हणाला, "मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, माझं सांगणं तिला ऐकू आलं नाही. तुमचं नाव नाही घेतलं तिने."

मी त्याच्या ऑफिसात, त्या बॅटा आणि ग्लोव्हजच्या ढिगात, हमसून रडलो. त्याने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, तिला परत आणा, तिची जागा मी ठेवतो.

घरी आलो. मोजा दोरीसकट उतरवून कचऱ्यात टाकला. जान्हवी टेबलाशी अभ्यास करत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं चुकलं. तुझ्या आजोबांनी मला शिकवलं ते मी तुझ्यावर लादलं. मला तुझा खेळ कळत नव्हता."

"इट्स ओके, पप्पा."

"नाही, ओके नाही. चल, पार्कात चल. आता हवं तसं मार. हवेत मार. कालव्यात घालव सगळे."

तिला यायचं नव्हतं. माझ्यासाठी आली. पिशवीत वीस टेनिसचे चेंडू होते. त्या ताई-चीवाल्या आज्या अजून तिथेच होत्या. मी पूर्वीसारखा पाच-सहा पावलांवर उभा राहिलो आणि पहिला चेंडू खालून टाकला. तिने मारला. डोकं चेंडूवर आलं, मनगटं वळली, चेंडू गवतावरून सरपटत गेला.

"हवेत, बाळा."

ती हो म्हणाली. दुसराही गवतावरून गेला. तिसराही. तिने पाय बदलून पाहिले, डोळे मिटून घेतले, दातांत ओठ धरला. मी चेंडू उंच टाकले, सावकाश टाकले. मी ओरडत होतो, "वर, वर," आणि माझा डावा हात वर उचलून दाखवत होतो. तिने त्या हाताकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली वळवली. विसाव्या चेंडूनंतर तिने बॅट गवतावर टेकवली.

"कॅनॉट ऑलरेडी, पप्पा," ती म्हणाली. "आता येतच नाही. सॉरी हं."

मग ती रडली. फायनलला रडली नव्हती ती पोर माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. अंधारायच्या आत आम्ही चेंडू गोळा केले. वीसच्या वीस सापडले. एकाही चेंडूसाठी लांब जावं लागलं नाही.