सरांच्या नावचा अभिप्राय

आमच्या जळगावच्या कॉलेजात जीवराम सर वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांची बिनपगारी कारकून. तशी माझ्या दारावर 'डॉ. कामिनी चौधरी' अशी पाटी आहे. पण जर्नलांकडून सरांकडे तपासायला येणारे पेपर सहा वर्षं मीच वाचले, अभिप्राय मीच लिहिले, आणि परीक्षक म्हणून आलेली प्रमाणपत्रं सरांच्या केबिनमध्ये लागली. विभागातल्या दोन तरुण प्राध्यापकांची नावं सरांनी जर्नलांना सुचवली. माझंही सुचवा म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला घरदार आहे, कशाला व्याप?"

मागच्या पदोन्नतीच्या मुलाखतीत मला विचारलं, "तुमच्या प्रत्येक पेपरवर पहिलं नाव सरांचं. यात तुमचं काय?" संताप आला. मग ठरवलं, एक पेपर एकटीचा. दोन वर्षं दर रविवारी, सरांना न सांगता, रावेरला गेले. तिथे केळीच्या बागेत तानुबाई रोगट पानं कापते. तिनेच मला रस्ता दाखवला. "ताई, करप्याचा दाग आम्हाले पयले दिसते. फवारनीवाल्याले आठ दिवसानं." चाळीस बायकांकडून तारखा घेतल्या, पानं प्रयोगशाळेत तपासली. तिचं खरं निघालं. पेपर पाठवून दिला. जूनमध्ये पुन्हा मुलाखत होती.

फेब्रुवारीत सरांनी नेहमीसारखा एक पेपर माझ्याकडे ढकलला. परीक्षकाला लेखकाचं नाव दाखवत नाहीत. शीर्षक वाचलं. माझाच होता.

"पहिलं पान चाळलं मी," सर म्हणाले. "मजूर बायकांच्या तोंडची माहिती. लिहिणारी पण बाईच असणार. नाकारा. दीड पान लिहा, संध्याकाळपर्यंत द्या."

"सर, काम बरं वाटतंय."

"मॅडम, भावनेच्या भरात जाऊ नका."

खरं सांगितलं असतं, तर त्यांचं नाव वगळून पाठवल्याचं कळलं असतं. माझा गोपनीय अहवाल तेच लिहितात.

मी लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण शब्द शोधावे लागले नाहीत. निरीक्षणं व्यक्तिनिष्ठ. अनुभवी मार्गदर्शकाची गरज. सरांनी सांगायचं आणि मी लिहायचं, असं करत हेच शब्द मी सहा वर्षं दुसऱ्यांना लिहीत आले होते. त्यांत बायका किती होत्या, कोण जाणे. सरांनी फक्त शेवटची ओळ वाचली. "तुमचा हात छान बसलाय आता," म्हणाले.

एप्रिलमध्ये संपादकांचा मेल आला. नकार. खाली दोन्ही अभिप्राय जोडले होते. पहिल्या परीक्षकाने लिहिलं होतं, महत्त्वाचं काम आहे, आहे तसं छापावं. दुसऱ्याचं दीड पान मला पाठ होतं.

रविवारी तानुबाईचा फोन आला. "छापलं का ताई?"

"नाही. एकाने अडवलं."

"कोनं?"

सरांचं नाव सांगणार होते. पण सरांनी तर पेपर वाचलाही नव्हता.